नित्याचे झरे

(नंदगड येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



श्रींच्या सान्निध्यात भरणाऱ्या मेळाव्यात बहुधा मोठे विषय निघतात. कधी कुळाचा इतिहास निघतो, कधी देवस्थानचा जीर्णोद्धार, कधी धर्म आणि आचार. त्यांवर अधिकाराने बोलणारी माणसे पुष्कळ आहेत. आजचा विषय त्या मानाने अगदी लहान आहे. माणसाला एखादे गाणे, एखादी गोष्ट, दारातली एखादी नवी रांगोळी सुचते ती कोठून सुचते, आणि ज्या बारीकसारीक सुखांना कोणी जमाखर्चात धरीत नाही त्यांचा या सुचण्याशी काय संबंध आहे, एवढाच प्रश्न आज विचारात घ्यावयाचा आहे. विषय लहान खरा. परंतु तो प्रत्येक घरातला आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास घराघरांतून काय नाहीसे होते हे पुढे दिसेलच.

आरंभी या मुलखाचीच साक्ष काढणे योग्य होईल. खानापूर तालुका म्हणजे नद्यांचे माहेर. कणकुंबीच्या परिसरात मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वळून सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास करून कूडलसंगमला कृष्णेस मिळते. याच तालुक्यात भीमगडाच्या रानाकडे, देगावच्या बाजूस म्हादई जन्मते. ती पश्चिमेला घाट उतरते, गोव्यात शिरते आणि मांडवी हे नाव घेऊन पणजीपाशी समुद्राला भेटते. एकीच्या काठी बसवेश्वरांच्या स्मृतीने पावन झालेले क्षेत्र आहे, दुसरीच्या काठी गोमंतकाची राजधानी. परंतु उगमापाशी उन्हाळ्यात जो जाईल त्याला काय दिसते? झाडीतली ओल, दगडाखालचे पाझरणारे पाणी, लहान मुलानेही ओलांडावा असा ओहोळ. संगमाचे पाणी पाहून ज्याने नदीची कल्पना केली त्याला हा उगम पटणारच नाही. मनुष्याच्या निर्मितीविषयी नेमका हाच गैरसमज सर्वत्र आढळतो. थोर काव्य, थोर गायन, थोर ग्रंथ पाहिला की त्यामागे तसेच काहीतरी भव्य कारण असले पाहिजे असे सामान्य माणूस धरून चालतो आणि आपल्या साध्या दिवसांतून काय निपजणार, असे म्हणून स्वस्थ बसतो.

हा गैरसमज आपल्या संतांना मुळीच मान्य नव्हता. सावता माळी मळ्यातून उठून पंढरीला धावला नाही. त्याला देव मळ्यातच भेटला अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. गोरोबांची माती, नरहरी सोनारांची बागेसरी, सेना न्हाव्यांचा आरसा, जनाबाईचे दळणकांडण आणि शेण्या वेचणे ही त्यांच्या भक्तीच्या आड आलेली कामे नव्हेत. त्या कामांचे शब्दच त्यांच्या अभंगांचे शब्द झाले. तेराव्या-चौदाव्या शतकात ही माणसे राजदरबारी पंडितांच्या रांगेत कोठेही नव्हती. तथापि त्या पंडितांपैकी कितीकांची नावे आज लोकांच्या ओठांवर आहेत, याचा विचार ज्याचा त्याने करावा. हाताखालच्या कामाकडे त्यांनी जे लक्ष दिले, त्यातून त्यांची वाणी उमलली.

नंदगडच्या भूमीला तर याचा आणखी एक दाखला आहे. २६ जानेवारी १८३१ या दिवशी क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी येथे फाशी दिली. त्याच्या समाधीपाशी जो वृक्ष आहे तो सर्वांच्या परिचयाचा आहे. मूल व्हावे म्हणून नवस करणारी माणसे त्या झाडाला लहान लहान पाळणे बांधतात. एका तरुण योद्ध्याच्या मृत्यूच्या जागी पाळणा बांधावा ही कल्पना कोणा कवीने लिहून ठेवलेली नाही. ती साध्या बायाबापड्यांना सुचली. त्याची कथाही इतिहासकारांच्या आधी कानडी लावण्यांनी आणि गीगी पदांनी जतन केली. जत्रेत डफावर थाप मारून गाणाऱ्यांनी ती गावोगाव पोचविली. लोकांच्या मनात जे खोल रुतते ते असे रोजच्या वस्तूंच्या आश्रयाने बाहेर येते: पाळणा, डफ, झाडाची फांदी.

आता अलीकडच्या काळाकडे आणि जवळच्याच प्रदेशाकडे वळू. मराठी कवितेत इंदिरा संत हे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म ४ जानेवारी १९१४ रोजी विजापूर जिल्ह्यातील इंडी येथे झाला आणि बालपणाचा काळ निपाणीजवळच्या तवंदी या खेड्यात गेला. कोल्हापूर आणि पुणे येथे शिक्षण झाले, ना. मा. संत यांच्याशी विवाह झाला आणि १९४० साली दोघांच्या कवितांचा ‘सहवास’ हा एकत्रित संग्रह निघाला. पुढे १९४६ मध्ये पतीचे निधन झाले. पदरी लहान मुले, वय अवघे बत्तीस. बेळगावात शिक्षिकेची नोकरी करून, पुढे अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदाची धुरा वाहून त्यांनी संसार ओढला. वर्ग, परीक्षा, घरचा स्वयंपाक, मुलांची दुखणीखुपणी हाच त्यांचा दिवस होता.

अशा दिवसातून काय लिहिले जाणार, असे कोणीही विचारील. लिहिले गेले ते असे: ‘शेला’ १९५१, ‘मेंदी’ १९५५, ‘मृगजळ’ १९५७, ‘रंगबावरी’ १९६४, ‘बाहुल्या’ १९७२, ‘गर्भरेशीम’ १९८२. शेवटच्या संग्रहास १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९९५ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या जनस्थान पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. या नावांकडेच जरा निरखून पाहावे. शेला पेटीत असतो, मेंदी परसात असते, बाहुल्या मुलींच्या खेळात असतात. त्यांच्या कवितेत दारचे झाड आहे, संध्याकाळचा उंबरठा आहे, पाऊस आहे, दिवा लावण्याची वेळ आहे. बेळगावचा पाऊस तर त्या गावात राहिलेल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे; छत्रीच्या काड्या मोडणारा, अंगणात शेवाळ चढविणारा, भिंतींना ओल आणणारा. तोच पाऊस हजारो माणसे त्रासिक मुद्रेने पाहत होती, आणि एका बाईने त्याच्याकडे पाहून आपले दुःख ओळखले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लहान सुखांची थोरवी सांगताना अनेकदा असे सुचविले जाते की फूल पाहावे, पाऊस पाहावा आणि दुःख विसरावे. इंदिराबाईंची कविता असे काही सांगत नाही. त्यांचे दुःख अखेरपर्यंत त्यांच्या कवितेत राहिले. ते कोणत्याही पावसाने धुऊन नेले नाही. मात्र नित्याच्या वस्तूंनी त्या दुःखाला उभे राहण्यास जागा दिली, त्याला आकार दिला. दुःखाला आकार मिळाला म्हणजे ते माणसाला बुडवीत नाही. माणूस त्याच्यासह चालू लागतो. लहान सुखांचे खरे सामर्थ्य एवढेच आहे, आणि ते काही थोडे नव्हे. ज्यांच्या घरातून कोणी माणूस अकाली गेले आहे अशी कुटुंबे या सभेत निश्चितच असतील. त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

उत्तरायुष्यात इंदिराबाईंचे लक्ष स्त्रियांच्या ओव्यांकडे वळले. ‘मालनगाथा’ या ग्रंथात त्यांनी खेड्यापाड्यांतल्या अनाम स्त्रियांच्या ओव्या एकत्र करून त्यांचे रसग्रहण केले. स्वतः अकादमी पुरस्काराची मानकरी असलेली कवयित्री जात्यावर बसणाऱ्या निरक्षर बाईला आपली वडीलधारी मानते, यातच सगळे आले. जाते आणि ओवी यांचा संबंध आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. पहाटेच्या अंधारात दोघी बाया समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात लागत, एक मुठीने वैरण घाली आणि जात्याच्या फेऱ्यागणिक ओवीचे चरण पुढे सरकत. त्या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, तान्हे बाळ आहे, सासुरवास आहे, आणि विठोबा तर घरचाच माणूस असल्यासारखा आहे. दिवसभर जिला बोलण्याची मुभा नव्हती तिला त्या घटकेत बोलता येत होते. घरातले पुरुष जागे असले तरी डोळे मिटून पडत. कारण ऐकले म्हणून सांगता येत नसे.

या चित्रावर भाळून जाऊन कोणी असे म्हणू नये की ते दिवस चांगले होते. दळण हे काबाडकष्टाचे काम होते. त्याने बायांचे खांदे आणि तळहात झिजले. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, तो योग्यच होता. परंतु जाते थांबले आणि त्याबरोबर ओवीही थांबली. कष्ट जावेत हे सर्वांना हवे होते. गाणे जावे असे कोणालाच वाटत नव्हते. तरी ते गेले, कारण ते ज्या कामाच्या वेळी म्हटले जाई ती वेळच उरली नाही आणि दुसरी वेळ कोणी राखून ठेवली नाही. मूळचे फ्रान्सचे आणि पुढे पुण्यास स्थायिक झालेले गी प्वात्व्हां आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. परदेशात जन्मलेल्या माणसाने हे करावे आणि घरच्या नातवंडांना आजीच्या दोन ओव्या येऊ नयेत, ही गोष्ट थोडी विचार करावयास लावणारी आहे.

याच संदर्भात खानदेशातील बहिणाबाई चौधरींचे उदाहरण ध्यानात घ्यावे. १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांनी आणि नात्यातल्या एका मुलाने ती गाणी वेळोवेळी उतरून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई निवर्तल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध होऊन महाराष्ट्र चकित झाला. येथे थोर कोण? गाणी रचणारी आई थोर आहेच. परंतु ज्याने कागद घेऊन ती उतरून काढली त्याच्यावाचून आज एक अक्षरही शिल्लक नसते. प्रत्येक घरात बहिणाबाई असेलच असे नाही. पण वही धरणारा एक मुलगा मात्र प्रत्येक घरात असू शकतो.

इंदिराबाईंच्या घरातच या गोष्टीचा दुसरा अध्याय आहे. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांचा जन्म १९३७ चा. ते बेळगावात आजीआजोबांकडे वाढले, भूगर्भशास्त्र शिकले आणि कऱ्हाडच्या महाविद्यालयात त्या विषयाचे अध्यापन करीत राहिले. ऐन तारुण्यात त्यांच्या काही कथा ‘सत्यकथा’ मासिकात आल्या आणि नंतर दीर्घ काळ त्यांची लेखणी मौन राहिली. सुमारे तीस वर्षांनी, १९९४ मध्ये, ‘वनवास’ हा संग्रह निघाला आणि लंपन नावाचा मुलगा मराठी वाचकांच्या घरात राहावयास आला. मागोमाग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ आले. आईवडील आणि भावंडांपासून दूर, आजीआजोबांच्या घरी राहणारा हा मुलगा काही पराक्रम करीत नाही. शाळेच्या वाटेवरची झाडे, आजीच्या स्वयंपाकघरातला वास, गल्लीतले कानडी मिसळलेले मराठी, पेटीचा सूर, मैत्रिणीवरचा रुसवा, रात्री अंथरुणात येणारी आईची आठवण, एवढेच त्याचे जग. एवढ्याच जगावर चार पुस्तके उभी राहिली आणि बेळगावकडच्या वाचकाला आपले बालपण कोणीतरी परत आणून दिल्यासारखे वाटले.

या तीस वर्षांच्या मौनाचा अर्थ लावताना त्यांच्या विषयाचाच आधार घ्यावासा वाटतो. भूगर्भशास्त्राचा जाणकार सांगेल की जमिनीत मुरलेले पाणी वर्षानुवर्षे खडकांच्या थरांतून वाट काढीत असते आणि अनुकूल जागा मिळाली की झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. ज्याला आपण विस्मृती म्हणतो तिच्यात पुष्कळ वेळा असे मुरणेच चाललेले असते. म्हणून साठी उलटलेल्या माणसाने आता आपल्या हातून काय व्हायचे असे म्हणू नये. त्याच्यापाशी मुरलेले पाणी सर्वांत अधिक असते. प्रकाश संतांचे २००३ साली निधन झाले. जे त्यांनी लिहिले त्याचा फार मोठा भाग आयुष्याच्या शेवटच्या दशकातला आहे.

बेळगावशेजारच्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजेच पंडित कुमार गंधर्व, यांची कथा तर सर्वश्रुत आहे. कोवळ्या वयातच ते नावाजले गेले, मुंबईत प्रोफेसर देवधरांकडे शिकले आणि ऐन विशीत क्षयाने गाठले. १९४८ च्या जानेवारीत हवापालटासाठी ते माळव्यातील देवास येथे गेले. गाण्यास सक्त मनाई होती. ज्याचा गळा हेच सर्वस्व त्याने पाचएक वर्षे खाटेवर मूक पडून राहावयाचे, यासारखी शिक्षा नाही. त्या काळात त्यांच्यापाशी उरले होते ते फक्त कान. घराबाहेरून जाणाऱ्या स्त्रियांची लग्नाची, पावसाची, सणावारांची गीते, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने त्यांच्या कानांवर पडत होती. चार-पाच सुरांत फिरणाऱ्या त्या साध्या धुनांत त्यांना रागांची बीजे दिसू लागली. प्रकृती सुधारल्यावर ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा मालवती, लगनगंधार, सहेली तोडी यांसारखे राग त्या ऐकण्यातून उगवले होते. माळव्यात ती गीते शेकडो वर्षे गायिली जात होती. आजाऱ्याला इतके लक्षपूर्वक ऐकण्यास दुखण्याने भाग पाडले, एवढाच काय तो फरक.

ज्यांना वाटते की हे सर्व कलावंतांचे झाले, कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्याला त्याचा काय उपयोग, त्यांच्यासाठी एक उदाहरण दूर लिस्बन शहरातले आहे. घाटाखालच्या ज्या कुटुंबांत एके काळी पोर्तुगीज शिकले जाई, त्यांना फेर्नांदु पेसोआ हे नाव अपरिचित नसावे. १८८८ साली जन्मलेला हा कवी आयुष्यभर व्यापारी पेढ्यांतून इंग्रजी-फ्रेंच पत्रव्यवहार लिहिण्याचे काम करीत असे. दिवसा माल पोचल्याची पत्रे आणि रात्री कविता. १९३५ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या खोलीत एका पेटाऱ्यात हजारो कागद सापडले. मोजदाद झाली तेव्हा ते पंचवीस हजारांहून अधिक भरले. त्यांतूनच एका साहाय्यक हिशेबनिसाची रोजनिशी म्हणून लिहिलेले अस्वस्थतेचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर ४७ वर्षांनी, १९८२ साली, छापले गेले. त्यात काय आहे? कचेरीची खिडकी, खालचा रस्ता, पाऊस, मालकाचे हसणे, खतावणीची पाने. खतावणीत आकडे भरणाऱ्याच्या मनातही एक शहर वसलेले असते, हे त्याने जगाला दाखवून दिले. आयुष्यभर कारकुनी केलेल्यांनी हे ऐकून मनाला थोडा धीर द्यावा.

तात्पर्य, या सर्वांत समान असे काय आहे? इंदिराबाईंना आणि बहिणाबाईंना मोकळा वेळ नव्हता, कुमारांना आरोग्य नव्हते, लिस्बनच्या कारकुनाला मानमरातब नव्हता. ज्यांना आपण अनुकूलता म्हणतो ती यांपैकी कोणापाशीही पुरेशी नव्हती. होते ते एवढेच की समोर आलेली लहान गोष्ट क्षुल्लक आहे असे त्यांनी मानले नाही. क्षुल्लक मानण्याची सवय हाच या झऱ्यावरचा खरा धोंडा आहे. घरातली वृद्ध स्त्री एखादी जुनी गोष्ट सांगू लागली की तरुण मंडळी पुरे म्हणतात. कोणी म्हातारा अंगणातल्या नव्या कोंबाकडे घटकाभर पाहत बसला की त्याला काम नाही असे समजतात. आणि मग ती माणसेही आपले सुख लपवू लागतात. आजच्या काळात तर प्रत्येकाच्या हातात भ्रमणध्वनी आहे. तो उपयुक्त आहे यात शंका नाही, परंतु पावसाकडे पाहण्याची जी रिकामी घटका होती ती त्याने बरीचशी व्यापली आहे.

आता देवस्थानाकडे वळू, कारण ही सर्व चर्चा अखेर येथेच आणून सोडावयाची आहे. सोळाव्या शतकात गोमंतकात देवळांवर संकट आले तेव्हा पूर्वजांनी मूर्ती उचलून सुरक्षित प्रदेशात नेल्या. पुढे कित्येक कुटुंबे घाट चढून या बाजूस स्थायिक झाली. मीठ, नारळ आणि सुपारी वर आणावी आणि धान्य खाली न्यावे, या व्यापाराने नंदगडची पेठ भरभराटली. त्या स्थलांतराचा इतिहास सांगताना मूर्तींचा उल्लेख होतो, तो झालाच पाहिजे. परंतु बायांनी आपल्याबरोबर काय आणले? हळदीच्या पानांत पातोळ्या वाफवण्याची रीत आणली, खतखत्याचे प्रमाण आणले, अबोलीची माळ गुंफण्याची बोटांची चलाखी आणली, फुगडीची गाणी आणि बाळाला निजवण्याचे शब्द आणले. यांपैकी कशाचीही नोंद कोणत्याही दप्तरात नाही. तरी चारशे वर्षे ते हातातून हातात आले. दप्तरे वाळवीने खाल्ली. पातोळीची रीत वाळवीला खाता आली नाही.

देवळातली नित्यसेवा हीसुद्धा निर्मितीचीच शाळा आहे. रोज तीच मूर्ती, तीच वेळ, तेच मंत्र. तरी फुलांची आरास आज कालच्यासारखी नसते. समई पुसणारा, रांगोळी घालणारी, नैवेद्य शिजविणारी, चौघड्यावर टिपरी धरणारा, यांच्या हातून रोज काही ना काही नवे घडते आणि दुसऱ्या दिवशी पुसले जाते. पुसले जाणार हे माहीत असूनही ते मन लावून करणे, हे सुख ज्यांनी चाखले त्यांना निराळे बक्षीस लागत नाही. येथे एक सत्य मोकळेपणाने बोलले पाहिजे. गोमंतकातील देवळांच्या सावलीत ज्या कलावंत घराण्यांनी पिढ्यानपिढ्या गायन-वादनाची सेवा केली, त्यांच्यातून पुढे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या थोर गायिका निपजल्या. देवळाने त्यांचा सूर ऐकला. महाजनकीचा मान मात्र त्यांच्या वाट्यास आला नाही. स्मरणिकेच्या पानांवर देणगीदारांची नावे छापली जातात तशी ढोल वाजविणाऱ्याची, फुले आणणाऱ्याची, सोवळ्यातल्या स्वयंपाकिणीची नावेही आठवली गेली तर देवस्थानाचा इतिहास अधिक पुरा होईल.

मग करावयाचे काय? उपाय खर्चाचा नाही. मुंबई, पुणे, बेंगळुरू आणि परदेश येथे पांगलेली कुटुंबे वर्षातून एकदा गावी येतात, चार दिवस कुलुपे निघतात आणि पुन्हा लागतात. त्या चार दिवसांत घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ एक संध्याकाळ बसावे आणि एक वही उघडावी. तिला आठवणाऱ्या ओव्या, पाळण्याची गाणी, एखाद्या पदार्थाची रीत, परसातल्या झाडांची नावे, शाळेच्या वाटेवरची खूण, जत्रेतली एखादी गंमत लिहून घ्यावी. शब्द तिचेच ठेवावेत. बोली सुधारू नये, कानडी-कोंकणी मिसळलेली असेल तर तशीच राहू द्यावी. त्याखाली तिचे नाव आणि साल घालावे. शक्य असेल तर भ्रमणध्वनीवर तिचा आवाजही टिपून घ्यावा. त्या यंत्राचा त्याहून चांगला उपयोग क्वचितच होईल. आणि ज्यांना विचारण्यासाठी घरात कोणी उरले नाही त्यांनी स्वतःच्याच आठवणींपासून सुरुवात करावी, कारण आणखी वीस वर्षांनी विचारले जाणारे वृद्ध तेच असतील.

असे करण्यात उतावीळ मात्र होऊ नये. पहिल्या दिवशी आजी काहीच सांगणार नाही. सगळे विसरले असे म्हणेल. तिच्याबरोबर भाजी निवडावी, वाती वळाव्यात, फुले गुंफावीत. हात कामाला लागले की जीभ मोकळी होते, हे जात्याने शिकविलेले शहाणपण आहे. आणि वही भरली नाही तरी ती संध्याकाळ वाया गेली असे होत नाही. वृद्ध माणसाला कोणी काही मनापासून विचारले, ही त्याच्या दृष्टीने वर्षातली मोठी गोष्ट असते. ज्याने विचारले त्यालाही पुढे केव्हातरी, दूरच्या शहरात पाऊस पडत असता, तो वाती वळणारा हात आठवेल आणि काहीतरी सुचेल. ते कागदावर उतरेल, गळ्यातून येईल किंवा नुसतेच मनात राहील. कोठेही राहिले तरी झरा चालू आहे असेच समजावे.

श्रींच्या कृपेने प्रत्येक महाजन कुटुंबात अशी एक वही सिद्ध होवो आणि तिची निवडक पाने पुढील स्मरणिकेत वाचावयास मिळोत, एवढी प्रार्थना करून हे भाषण येथे संपविणे उचित होईल.

इति शुभं भवतु.